टेबलावरची आगगाडी आणि पाच एकर रान



मालाची पट्टी आणायला, दवाखान्याला किंवा पाहुण्यांकडे म्हणून आपले पुण्याला जाणे होतेच. पुढच्या खेपेला मुलांना बरोबर घ्या आणि कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय दाखवा. भाऊ जोशी यांच्या हौसेतून ते १९९८ साली उभे राहिले. मोठ्या मांडणीवर एक शहरच वसवले आहे. सिग्नल पडतो, गाडी निघते, रस्त्यांवर दिवे लागतात. मलाही अशा गाड्यांची हौस आहे. पन्नाशी उलटलेला माणूस खेळण्यापुढे तासभर उभा राहतो, याचे लोकांना हसू येते. येऊ द्या. तिथे जे शिकायला मिळते, ते आपल्या रानात कामाला येते.

पहिली गोष्ट मापाची. या गाड्यांचे जगभर चालणारे एक प्रमाण म्हणजे सत्त्याऐंशीस एक. खरे ८७ फूट, ते इथे एक फूट. इंजिन, खांब, माणूस, झाड, सारे त्याच मापात बसवायचे. या हिशेबाने आपला ३३ फुटी गुंठा साडेचार इंचांचा होतो आणि अख्खा एकर पावणेसहा चौरस फुटांत मावतो.

दुसरी गोष्ट विजेची. साध्या मांडणीत १२ व्होल्टपर्यंतची वीज रुळांतूनच जाते आणि चाकांवाटे इंजिनातल्या मोटारीला पोचते. रुळांच्या दोन तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी पळते. गाडी अडखळू लागली तर जाणता हौशी इंजिन खोलत नाही, आधी रूळ पुसतो. बहुतेक वेळा दोष धुळीचाच निघतो. विहिरीवरच्या मोटारीचेही असेच. ती खोलण्याआधी मेन स्विच बंद करून जाणत्याकडून तारांचे जोड तपासून घ्यावेत.

तिसरी गोष्ट उताराची. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांस एक फूट आहे. टेबलावरही चढ फार उभा झाला की इंजिनाची चाके जागीच फिरतात. म्हणून हौशी माणूस आधी कागदावर आखतो, मग नुसत्या रुळांवर गाडी चालवून पाहतो आणि त्यानंतरच डोंगर, झाडे, घरे बसवतो.

आता ही रीत आपल्या रानाला लावा. प्रमाण दोनशेस एक धरा. मग गुंठा दोन इंचांचा होतो आणि एकराला जेमतेम एक चौरस फूट लागतो. पाच एकरांचे रान एका टेबलावर बसते. गटाचा नकाशा पुढे ठेवून चिकणमातीत बांध, विहीर, ओघळ आणि गाडीवाट मांडा. उंचीचे माप तेवढे चौपट धरा, नाहीतर उतार डोळ्यांना दिसणारच नाही. मग वरच्या अंगाने तांब्याने हळूहळू पाणी सोडा आणि ते कुठे धावते, कुठे तुंबते, शेजाऱ्याच्या बांधाला कुठे भिडते, ते घरच्या सगळ्यांनी मिळून पाहा. शेततळ्याची किंवा चराची जागा यावरून पुरी ठरत नाही. त्यासाठी मोजणी करून घ्यावीच लागते. पण काय विचारायचे ते कळते, आणि बांधावरून होणारी भावकीची भांडणे काही अंशी तरी टेबलावरच मिटतात.

घरात एखादे पोर तारा, डबे, चाके जोडत बसत असेल तर त्याला रिकामटेकडे म्हणू नका. माउलींनो, ही मांडणी त्याच्याकडूनच करून घ्या. मुलगी असेल तर तिच्याकडून. विकतचे इंजिन हजारो रुपयांचे असते, त्याच्या मागे लागू नका. पुठ्ठा, काड्या आणि माती पुरे.

चूक व्हायची ती मातीच्या रानात होऊ द्या. तिथे ती हाताने पुसता येते. खऱ्या रानात खोदाईचे मशीन तासावर पैसे मागते.