कुंतलदेशांतील सरळ केस

गेल्या वर्षीं तोंडी परीक्षेच्या कामासाठीं आम्ही साताऱ्याहून सांगलीस गेलों होतों. पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्यापुढें येऊन बसली. तिचे केस कानापर्यंत दाट कुरळे, आणि कानाखालीं एकाएकीं काठीसारखे सरळ, टोकांशीं झिजलेले व तांबूस, असे होते. आम्हीं तिला पहिला प्रश्न विषयांतला विचारला नाहीं. आम्हीं म्हटलें, "परीक्षेस येतांना केस तरी नीट विंचरून यावे." त्या मुलीनें मान खालीं घातली नाहीं. ती शांतपणें म्हणाली, "विंचरलेत, सर. आधी रीबाँडिंग करत होते, आता सोडलंय. मूळचे केस वाढायला वेळ लागतो." पुढें तिनें आमच्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें उत्तम दिलीं व तिला गुणही तसेच मिळाले. परंतु परततांना कऱ्हाड मागें पडलें तरी आमच्या मनांतून एक गोष्ट जाईना. त्या दिवशीं त्या खोलींत कोणी अनुत्तीर्ण झालें असेल, तर तें आम्ही होतों.

केसांसारख्या क्षुल्लक विषयावर मासिकाचीं पानें खर्च करणें कित्येकांस आवडणार नाहीं. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, विषय क्षुल्लक असता तर तो आम्हांला परीक्षेच्या मेजावर आठवला नसता. साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या बाजारांत एक फेरी मारावी, म्हणजे केस सरळ करून देणाऱ्या पार्लरांच्या किती पाट्या लागल्या आहेत तें दिसेल. लग्नाच्या बायोडेटावरील छायाचित्रांत कुरळ्या केसांची मुलगी किती वेळां दिसते, हेंही पाहावें. इतक्या मुलींचे केस एकाएकीं निसर्गतः सरळ झाले असतील, असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं.

प्रथम हा प्रकार काय आहे तें समजून घेऊं. केस सरळ कीं कुरळा हें कातडीच्या आंत, मुळाशीं ठरतें. मूळ वक्र असलें म्हणजे केस वळण घेऊनच बाहेर येतो. केस हा केराटिन नांवाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्याचे तंतू गंधकाच्या दुव्यांनीं एकमेकांस जोडलेले असतात. वळण टिकतें तें या दुव्यांमुळें. रीबाँडिंगमध्यें थायोग्लायकोलेट जातीचा लेप लावून हे दुवे तोडतात, तापलेल्या पट्टीनें केस दाबून सरळ करितात, आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडनें दुवे नव्या जागीं पुन्हा बांधतात. असा सरळ झालेला केस पुन्हा कधीं वळत नाहीं. परंतु मुळाला या साऱ्या खटाटोपाची वार्ताही नसते. तें महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर या आपल्या चालीनें कुरळाच केस पुढें ढकलीत राहतें. म्हणून कांहीं महिने गेले कीं पुन्हा पार्लर, पुन्हा लेप, पुन्हा कांहीं हजार रुपये!

जिला या फेऱ्यांतून बाहेर पडावयाचें असेल तिची वाट याहून बिकट असते. सरळ केलेल्या केसांस मूळचें वळण परत आणून देणारें औषध नाहीं. एक तर सारे केस कापून मुलासारखे आंखूड करावे, नाहीं तर दोन-अडीच वर्षें एकाच डोक्यावर दोन जातींचे केस वागवावे. जेथें कुरळा व सरळ भाग मिळतात तेथेंच केस कमजोर असतो व विंचरतांना तुटतो. म्हणजे जी मुलगी आम्हांस अव्यवस्थित दिसली, ती वस्तुतः दीर्घकाळ धीर धरून एका कामास लागलेली होती.

आतां प्रकृतीचा विचार. केराटिनच्या नांवानें चालणाऱ्या कांहीं लेपांत फॉर्माल्डिहाइड असतें किंवा तापविल्यावर तें निर्माण होतें. हें द्रव्य मनुष्यास कर्करोगकारक आहे असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालींच दिला. त्याच्या जागीं ग्लायऑक्सिलिक आम्ल आलें, तर त्याच्या लेपानंतर एका २६ वर्षांच्या स्त्रीच्या मूत्रपिंडांस पुनःपुन्हा इजा झाल्याची हकीकत फ्रान्समधील वैद्यांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केली. अमेरिकेंत ३३,४९७ स्त्रियांची सुमारें अकरा वर्षें पाहणी करून २०२२ सालीं जे आंकडे निघाले त्यांप्रमाणें, केस सरळ करणारीं रसायनें कधींही न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तर वर्षांच्या वयापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचें प्रमाण शेंकडा १·६४, तर वारंवार वापरणाऱ्यांत शेंकडा ४·०५ होतें. यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असें कोणी म्हणूं नये. परंतु ज्या वस्तूविषयीं इतका संशय आहे ती वस्तू विसाव्या वर्षाच्या मुलीच्या डोक्यावर ओततांना तिला कोणी एका शब्दानें तरी सावध करितो काय?

आणि हें सारें कोणत्या देशांत चाललें आहे? प्राचीन लेखांत कुंतल नांवाचा जो देश येतो, त्यांत कृष्णेच्या वरच्या खोऱ्याचा समावेश होत असे. महामहोपाध्याय मिराशी यांनीं तर एका जुन्या राष्ट्रकूट घराण्याचें मानपूर म्हणजे सातारा जिल्ह्यांतील माण होय असें प्रतिपादिलें आहे. कुंतल शब्दाचा दुसरा अर्थ केस! देशास हें नांव केसांवरून पडलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण हा योगायोग आम्हांस टोचतो खरा. कालिदासानें रघुवंशांत इंदुमतीस 'अरालकेशी' म्हणजे कुरळ्या केसांची म्हणून गौरविलें. संस्कृतांत नुसत्या कुरळ्या बटेसाठीं 'अलक' असा स्वतंत्र शब्द आहे. आणि आम्ही त्यांचे वारस घरांतल्या मुलीच्या त्याच केसांना काय म्हणतों? झिंज्या, झिपऱ्या, टोपलें! मुलगी शाळेंत जाऊं लागण्यापूर्वींच तिला कळतें कीं आपल्या डोक्यावर कांहीं तरी चुकलेलें उगवत आहे. पार्लर तिला पुढें केव्हां तरी गांठतें. तिचा निकाल त्यापूर्वींच घरांत लागलेला असतो.

"हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, नटणें हा स्त्रीचा हक्क आहे," असा आक्षेप येईल. हक्क आम्हांसही मान्य आहे. बालगंधर्वांची रंगभूमीवरील वेशभूषा आणि केशरचना पाहून आमच्या आज्या-पणज्यांनीं तसेंच नटून पाहिलें, त्यांत कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु अंबाडा रात्रीं सोडतां येतो, गजरा सकाळीं टाकून देतां येतो. जी आवड बदलण्यास दोन-अडीच वर्षें लागतात, आणि जी न बाळगल्यास वधूपरीक्षेच्या दिवशीं आई डोळ्यांत पाणी आणते, तिला आवड म्हणणें हा भाषेचा दुरुपयोग होय. शंभर मुली आपापल्या आवडीनें नटल्या, तर शंभर तऱ्हा दिसतील. येथें शंभर मुलींची एकच तऱ्हा दिसते. हें आवडीचें लक्षण नव्हे, धाकाचें आहे.

स्त्रीच्या डोक्यावरील केसांवर सत्ता कोणाची, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यास नवा नाहीं. कऱ्हाडजवळच्या टेंभूस जन्मलेल्या आगरकरांनीं विधवांच्या केशवपनाविरुद्ध लेखणी झिजविली; नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाहीं असें ठरविलें. त्या क्रौर्याची आणि आजच्या फॅशनची बरोबरी करणें हा त्या अभागिनींचा अपमान होईल, आणि तो आम्ही करणार नाहीं. परंतु तत्त्व एकच आहे: डोकें जिचें, निर्णय तिचा. वस्तरा धरणाऱ्या हातांनीं तेव्हां जें ओळखलें, तें लेप लावण्यास पैसे देणाऱ्या हातांनीं आज ओळखूं नये काय?

अमेरिकेंतील निग्रोवंशीय समाजानें हा जाच आमच्यापेक्षां पुष्कळ अधिक भोगला. तेथें कॉस्टिक सोड्याचे लेप लावून केस सरळ करीत. माल्कम एक्स यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत, आपण पहिल्या प्रथम असे केस करून घेतले त्या दाहाचें वर्णन करून, तें आत्मावमाननेचें मोठें पाऊल होतें असें स्पष्ट म्हटलें आहे. केसांच्या जातीवरून शाळेंत व नोकरींत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियानें २०१९ सालीं केला. आमच्याकडे असा कायदा नाहीं, आणि कदाचित् तो लागणारही नाहीं. कारण आमच्याकडील भेदभाव कचेरींत लिहून ठेवलेला नसतो, तो मावशीच्या एका वाक्यांत आणि प्राध्यापकाच्या एका नजरेंत असतो.

शेवटीं आमच्या बाजूनें बोलण्यास जे उगीच पुढें येतील, त्यांनाही एक शब्द. "आम्ही म्हणतच होतों, हीं सारीं पाश्चात्त्य थेरें आहेत," असें म्हणून या लेखाची छडी करून जे आपल्या लेकीसुनांवर उगारतील, ते आमचे मित्र नव्हेत. सरळ केस ठेवणाऱ्या मुलीसही आम्हीं कांहीं सांगूं नये. आणि कुरळे केस जपण्यासाठीं दहा बाटल्या विकणारा नवा दुकानदारही जुन्याचाच सख्खा भाऊ आहे, हें या मुलींनीं ध्यानांत ठेवावें.

आमची मागणी मुलींपाशीं नाहींच. ती आयांपाशीं, वरपक्षापाशीं आणि आमच्या व्यवसायबंधूंपाशीं आहे. ज्या मुलीनें आपले मूळचे केस परत आणण्याचें ठरविलें आहे, तिला तीं दोन-अडीच वर्षें कोणी हटकूं नये, हंसूं नये, छायाचित्र पुढें ढकलूं नये. इतकेंच. फार मोठा त्याग नव्हे हा.

सांगलीच्या त्या विद्यार्थिनीचें नांव आम्ही येथें देत नाहीं. परीक्षकानें परीक्षार्थ्याची क्षमा मागण्याची पद्धत विद्यापीठांत नाहीं. म्हणून ती आम्ही येथें मागत आहों. आतांपर्यंत तिचे कुरळे केस खांद्यापाशीं आले असतील.