सोळा कोटींची जागृती

२०२१ च्या आरंभी अंधेरीतील एका पाच महिन्यांच्या मुलीचे छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. तिला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा जनुकीय आजार होता आणि औषधाची किंमत होती १६ कोटी रुपये. लोकांनी पैसे दिले, केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचे कर माफ केले आणि फेब्रुवारीअखेर औषध तिला मिळाले. आईबापांनी जे केले ते कोणत्याही आईबापांनी केले असते. त्याविषयी आम्हांला एक अक्षरही बोलायचे नाही. आमचे भांडण आहे ते त्यानंतर सर्रास वापरल्या गेलेल्या 'जागृती' या शब्दाशी.

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कोणालाही विचारा. आजाराचे नाव आठवणार नाही. 'ते सोळा कोटींचे इंजेक्शन' मात्र लगेच आठवेल. आपण किंमत तेवढी पाठ केली.

वास्तविक आजार समजायला अवघड नाही. पाचव्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या दोषामुळे, स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशी मरू लागतात. बाळ मान धरत नाही, पाय हलेनासे होतात, पुढे गिळणे आणि श्वास घेणेही कठीण होते. साधारण पन्नासात एक माणूस या दोषाचा वाहक असतो. त्याला स्वतःला काहीही होत नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. दोघेही, हे मुद्दाम सांगायला हवे; कारण आपल्याकडे असे मूल झाले की बोट सुनेकडेच जाते.

मेलेल्या चेतापेशी कोणतेही औषध परत आणत नाही. पिंपरी-चिंचवडच्या एका मुलीला हेच इंजेक्शन, अशीच वर्गणी जमवून, जून २०२१ मध्ये मिळाले. १ ऑगस्टला ती गेली. उलट लक्षणे दिसण्यापूर्वीच उपचार मिळालेली बाळे बसतात, पुष्कळशी चालतातही. म्हणजे प्रश्न पैशांइतकाच वेळेचा आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये नवजात बालकांच्या तपासणीच्या शिफारसयादीत हा आजार घातला. आपल्याकडे देशभर अशी तपासणी नाही, आणि वाहक आहोत का हे सांगणारी रक्तचाचणी काही हजारांत होत असूनही लग्नाळू घरांत तिचे नाव कोणी काढत नाही. (ती प्रत्येक वाहकाला पकडतेच असे नाही, पण बहुतेकांना पकडते.)

एकनाड आली म्हणून चांगले स्थळ मोडणारे आपण! संततीच्या काळजीपोटीच हे करतो म्हणे. एकनाड म्हणजे प्राचीन रक्तगटशास्त्र, असे छातीठोकपणे सांगणारे सुशिक्षितही आम्ही पाहिले आहेत. रक्ताचा विषय निघालाच आहे तर रक्तच का तपासू नये?

शेजारी पाहावे. मुलुंड-घाटकोपरच्या कच्छी, लोहाणा समाजांत थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक, म्हणून तेथे लग्नाआधी रक्त तपासण्याची शिबिरे भरत आली आहेत. बोरिवलीत महापालिकेने त्या आजाराचे स्वतंत्र केंद्रच काढले. वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न कसे जमणार, ही शंका आमच्या कानांवर नेहमी येते. पन्नासात एक या हिशेबाने तीनशे पानांच्या पंगतीत सहा वाहक जेवून जातात. दोन वाहकांनी लग्न केले तरी आभाळ कोसळत नाही. गरोदरपणी तपासणी करता येते, जन्मताच उपचारांची तयारी ठेवता येते.

राहिली किंमत. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली रुग्णाला मिळणारी मदत २०२२ पासून कमाल ५० लाख. मुंबईत त्यासाठी केईएमचे दार ठोठवायचे. सोळा कोटींपुढे हा आकडा थट्टेचाच वाटे. पण याच आजारावरचे रिस्डिप्लाम हे पिण्याचे औषध, ज्याची बाटली सुमारे सहा लाखांना होती, ते भारतीय कंपनीने बनवण्यास आड येण्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नाकारले आणि बाटली १५,९०० रुपयांवर आली. आता त्याच ५० लाखांत लहान मुलाचे कित्येक वर्षांचे औषध बसते. हा फरक कोणाच्या कनवाळूपणाने पडला नाही, पेटंटच्या खटल्याने पडला. ती बातमी मात्र आम्हांला कोणी पुढे पाठवली नाही.