बंदूक भरलेलीच समजा

१ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरमधून चुकून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. ‘अपघात’ म्हणून आपण विषय संपवतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एकाच तपासणीवर कुणी विसंबत नाही. अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियमही तसेच आहेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा; नळी कुणाकडेही रोखू नका; नेम धरेपर्यंत बोट चापावर नको; लक्ष्य आणि त्यामागे काय आहे ते ओळखा. एक नियम चुकला, तरी दुसरा जीव वाचवतो.

लग्नात हवेत झाडलेली गोळी खाली येतेच. २०१९च्या दुरुस्तीनुसार अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोस्तांनो, वरातीत बंदूक येणार असेल, तर रील काढायला थांबू नका. घरच्या मोठ्यांना सांगून ती आधीच रोखा.