युद्धकवितेची साक्ष

कवितेला केवळ पुरावा म्हणून वाचले की काय घडते, हे जबलपूरने १८५७ साली पाहिले आहे. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातील शंकरशहा यांच्याजवळ देवीला उद्देशून रचलेली, शत्रुसंहाराची याचना करणारी एक पद्यरचना सापडली. इंग्रजांनी तिचे भाषांतर केले; ती अभियोगात पुरावा ठरली; आणि १८ सप्टेंबर रोजी शंकरशहा व त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. प्रार्थना, शाप आणि आज्ञा यांतील अंतर त्या वाचनात उरले नाही.

खेदाची गोष्ट ही की, युद्धकवितेवरील विवेचक निबंध आजही बहुधा याच रीतीने लिहिला जातो. शिक्षेच्या जागी गौरव आला, इतकाच काय तो फरक. दीक्षितपुऱ्यातील मराठी घरातला विद्यार्थी सुभद्राकुमारी चौहान यांच्या ‘झाँसी की रानी’वर लिहू लागला की आशय गद्यात सांगतो, अलंकार मोजतो, वीररस आणि देशभक्ती यांचे शिक्के मारतो आणि थांबतो. दोष त्याचा नव्हे. एवढ्यावर गुण देणाऱ्या अध्यापनाचा आहे.

निबंधाने प्रथम विचारावे ते हे : कोण बोलते आहे, आणि कोणत्या क्षणी? शंकरशहा संग्रामाच्या उंबरठ्यावर उभे होते. सुभद्राकुमारींचा जन्म १९०४चा. १९२३च्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. राणीची कथा त्या हरबोल्यांच्या मुखातून ऐकलेली म्हणून सांगतात, आणि ध्रुवपद पुन्हा पुन्हा त्या श्रवणाकडेच परतते. म्हणजे कवितेचा विषय केवळ राणी नाही. तिची आठवण जागती ठेवणारा समाजही आहे. ‘वीररस’ या एका शब्दात हे मावत नाही.

शेजारी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ठेवावा. १८५८च्या वेढ्यात ते झाशीत होते. त्यांच्या गद्यात लूट, कत्तल आणि जीव वाचविण्याची धडपड आहे. यातले कवितेने काय घेतले, काय गाळले? अशा तुलनेने कवितेचा अवमान होतो, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती उलट आहे. गाळलेले दिसल्याशिवाय निवड दिसत नाही, आणि निवड दिसल्याशिवाय कवी दिसत नाही.

जयघोषाला विवेचन लागत नाही. तोफेलाही लागले नव्हते. जिथे एक कविता आरोपपत्र म्हणून वाचली गेली, त्या नगरीत तरी कविता कविता म्हणून वाचण्याचे ऋण फेडले गेले पाहिजे.