जलकन्येचे नाव आणि कपाटातील नमुना

अंदमानच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये एक चिमुकले हिरवे शैवाल सापडले. बठिंडा येथील पंजाब केंद्रीय विद्यापीठाचे फेलिक्स बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ते नवी प्रजाती म्हणून जाहीर केले : ॲसिटॅब्युलेरिया जलकन्यके. डोक्यावर छत्रीसारखी टोपी आणि संपूर्ण वनस्पती म्हणजे एकच पेशी! बातम्यांत जलकन्या गाजली. मधल्या सुमारे दोन वर्षांचे काम मात्र एका वाक्यात आटोपले.

ते काम होते तुलनेचे. बाह्यरूप पाहायचे, डीएनएचा क्रम काढायचा आणि ज्ञात प्रजातींशी ताडून पाहायचा. ‘हे नवे आहे’ असे म्हणण्याचा अधिकार जुने सारे तपासल्यावरच मिळतो.

भौतिकशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. मे २०१९ पर्यंत किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. पुढे त्याची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आधारली गेली आणि त्या वस्तूची गरज संपली. जीवशास्त्राला अशी सुटका नाही. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रजातीचे नाव एका मूळ नमुन्याशी, म्हणजे टाइप स्पेसिमेनशी, बांधलेले असते आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही सांगावे लागते. दोन नमुन्यांत फरक किती, हे डीएनए सांगतो. पण त्यांतील कोणत्या नमुन्याला कोणते नाव लागू होते, याचा निवाडा मूळ नमुन्यापाशीच होतो.

म्हणूनच वाळलेल्या वनस्पतींची कपाटे ही अडगळ आहे, ही समजूत मला घातक वाटते. ती आपली मानके आहेत. दुर्बिणीसाठी आपण निधी मागतो, तितक्याच आग्रहाने हर्बेरियमसाठी आणि ते सांभाळणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञांसाठीही मागायला हवा. ज्या जीवाला नाव नाही, त्याची संरक्षणाच्या यादीत नोंद तरी कशी होणार?

मी हे बबीनातून लिहितो आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. बठिंड्यापासूनही तो दूरच. तरीही गोव्याचे नाव धारण करणारे क्लॅडोफोरा गोएन्सिस हे शैवालही त्याच विद्यापीठातील संशोधकांनी वर्णिले. विद्यार्थ्यांनो, या शास्त्रासाठी दारात समुद्र असावा लागत नाही. जपलेले नमुने हवेत आणि ते चिकाटीने ताडून पाहणारी माणसे हवीत.