सरासरीचा डोळा

आंजर्ल्याला जायचे म्हणजे पूर्वी खाडीकाठी तरीची वाट पाहत बसावे लागे. आता पूल झाला आहे. हर्णैकडून निघालेली मोटार थेट गावात येते. सोय झाली, पण पाहुणा येत असल्याची वर्दी देणारी तरीवरची हाक मात्र गेली. भातकापणीच्या दिवसांत मी दादांच्या दारात उभा राहिलो तो असा, वर्दी न देता.

दादा माझे आतेभाऊ. वय पासष्ट, पेशा मास्तरकीचा, आता निवृत्त. दर दिवाळीला मी त्यांना अंकांचे बाड पाठवतो. दादा ओटीवर बसून ते मोठ्याने वाचतात आणि निम्मी वाडी ऐकायला जमते. यंदा पायरी चढतो न चढतो तोच ते म्हणाले, "बरे झाले आलास. यंदा अंक पाठवू नकोस हो."

"का हो दादा?"

"डोळ्यांचा कारभार आटोपला. वाचणार कोण?"

हकीकत अशी, की दादा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात तपासून आले होते. कागदांची ही भेंडोळी बरोबर आणली. त्यांपैकी एका कागदावर लिहिले होते : रंजितपटलाची जाडी १८५ मायक्रॉन. मुंबईच्या चिरंजिवांनी मोबाइलवर शोधाशोध केली, तर निरोगी माणसाची सरासरी २८७ निघाली. झाले! एक तृतीयांशाहून जास्त थर झिजला, असा निकाल चिरंजिवांनी फोनवरून दिला. डॉक्टर "काळजीचे काही नाही" म्हणाले होते. पण ते धीर देण्यापुरते, असे दादांनी ठरवून टाकले. "मागची भिंतच विरली असेल तर पुढची काच बदलून काय उपयोग?" असे म्हणून शस्त्रक्रियेची ठरलेली तारीखही त्यांनी रद्द केली. वहिनी माजघराच्या दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला सारे कळले.

वाचकहो, मी काही डॉक्टर नव्हे. पण आकड्यांना माणसे भितात तेव्हा तो आकडा कुणाचा, कुठला, केव्हाचा, एवढे विचारण्याची खोड मला आहे. मी कागद मागितले.

आधी हा रंजितपटल म्हणजे काय ते पाहू. डोळ्याच्या गोळ्याला तीन थर असतात. बाहेरचा पांढरा, चिवट, तो श्वेतपटल. अगदी आतला, प्रकाश टिपणारा, तो दृष्टिपटल. आणि या दोहोंच्या मधला, काळसर रंगाचा, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला, तो रंजितपटल. डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा ह्या मधल्या थरातून वाहतो आणि दृष्टिपटलाच्या बाहेरच्या भागाचे पोषण करतो. गोठ्यात बॅटरी मारली की गाईचे डोळे चकाकतात ना? तो चकाकता पापुद्रा तिच्या रंजितपटलातच असतो. माणसाच्या डोळ्यात तो नाही. म्हणून आपल्याला रात्री कंदील लागतो आणि गाईला वाट दिसते.

हा थर केवढा जाड? पाव मिलिमीटर धरा, साधारण पोस्टकार्डाएवढा. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. जिवंत माणसाच्या डोळ्यात ही जाडी मोजणे फार काळ कठीण होते, आणि मृत डोळ्यात मोजावी तर रक्त ओसरून थर बसलेला. १९९१ साली अमेरिकेत प्रकाशकिरणांच्या साहाय्याने पडद्याचे उभे छेद दाखवणारे तंत्र निघाले. त्यातही हा खोलवरचा थर अंधुकच दिसे. २००८ साली न्यूयॉर्कच्या स्पेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्र डोळ्याच्या जरा अधिक जवळ आणून तो स्पष्ट दिसण्याची युक्ती दाखवली. चिरंजिवांना सापडलेली २८७ ही सरासरी तिथलीच, २००९ सालची. मोजलेले डोळे ५४, आणि माणसांचे सरासरी वय पन्नास!

"म्हणजे मी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान माणसांशी शर्यत लावली म्हणायची," दादा म्हणाले. मास्तर जागा होऊ लागला होता.

मग मी दुसरा कागद काढला. मोतीबिंदू काढल्यावर जे कृत्रिम भिंग बसवतात त्याचा नंबर ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी मोजावी लागते. पुढच्या पारपटलापासून मागच्या पडद्यापर्यंत. दादांची लांबी होती साडेपंचवीस मिलिमीटर. दादांचा चष्मा तरुणपणापासून उणे सहाचा. लांबचे न दिसणाऱ्याचा डोळा बहुधा असा लांबटच असतो. एका कागदावर लांबी, दुसऱ्यावर जाडी. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते.

"लांबीचा न् जाडीचा संबंध काय?" दादांनी विचारले.

उत्तर माझ्याआधी वहिनींनी दिले. "अहो, पळीभर पिठाचे लहान घावन घातले तर जाड होते. तेच पीठ तवाभर पसरले तर पातळ होणार नाही का?"

याहून चांगली उपमा मला सुचली नसती. डोळा मागे लांबत गेला की त्याच्या भिंतीही ताणल्या जातात, आणि मधला रक्ताचा थर पातळ होतो. बीजिंगमध्ये २०११ साली पन्नाशीपुढच्या ३२३३ माणसांचे डोळे असे मोजले गेले. तिथे मध्यबिंदूखालच्या जाडीची सरासरी निघाली २५४ मायक्रॉन. माणसांचे सरासरी वय पासष्टच्या आसपास, डोळ्याची सरासरी लांबी सुमारे सव्वातेवीस मिलिमीटर. लांबी एक मिलिमीटरने वाढली की जाडी ३२ मायक्रॉनने कमी, आणि वयाच्या दर वर्षाला सुमारे चार मायक्रॉन कमी, असा हिशेब त्यांनी मांडला. पुरुषांत थर जरा जाड आढळला. डोळ्याचा पुढचा कप्पा खोल असेल, भिंग जाड असेल, पारपटल सपाट असेल, तरीही जाड. रक्तदाबाशी किंवा मधुमेहाशी मात्र जाडीचा ठळक संबंध त्यांना दिसला नाही.

शेजारच्या मुरडीत १८७६ साली रँग्लर परांजपे जन्मले आणि १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. त्या पंचक्रोशीतल्या मास्तराला त्रैराशिक मी काय शिकवणार? दादांनी भिंग घेतले, पंचांगाच्या पाठीवर स्वतःच मांडणी केली. वय बीजिंगच्या सरासरीएवढेच, तेव्हा त्याची वजाबाकी नाही. लांबी सव्वादोन मिलिमीटरने जास्त. सव्वादोन गुणिले बत्तीस, बहात्तर. दोनशे चौपन्नातून बहात्तर गेले, राहिले एकशे ब्याऐंशी.

दादांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि माझा एकशे पंचाऐंशी!"

ओटीवर क्षणभर कुणी बोलले नाही. मग वहिनी आत गेल्या, आणि तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज आला.

"पण बीजिंगची माणसे आणि आपण एक का?" मास्तरांनी शंका काढली, आणि ती योग्यच होती. आपल्याकडे नागपूरजवळच्या खेड्यांत डॉ. विनय नांगिया यांच्या पुढाकाराने मोठी नेत्रपाहणी झाली. तिशीपुढच्या ४७११ माणसांची. तिथे डोळ्याची सरासरी लांबी २२.६ मिलिमीटर भरली. म्हणजे सरासरी डोळासुद्धा मुलखामुलखाचा निराळा. शिवाय सरासरी म्हणजे काही मर्यादा नव्हे. त्याच बीजिंगमध्ये ढोबळमानाने १४७ पासून ३६१ पर्यंत बहुसंख्य माणसे विखुरलेली होती. आणि एकाच माणसाचा थरही दिवसभर एकसारखा नसतो. बहुधा सकाळी फुगतो, सायंकाळपर्यंत वीस-तीस मायक्रॉनांनी बसतो. आंजर्ल्याची खाडी किती रुंद, असे कुणी विचारले तर आपण आधी विचारतो, भरतीला की ओहोटीला? तेच हे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर माझ्या लेखाने भलतेच व्हायचे. हा हिशेब भीती घालवण्यासाठी आहे, तपासणी टाळण्यासाठी नव्हे. फार लांब डोळ्यात फार पातळ झालेला थर पुढे त्रास देऊ शकतो. काही आजारांत उलट तो जाडही होतो. लांब डोळ्याच्या माणसाने दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. अचानक ठिणग्या चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा नजरेवर पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि डॉक्टरांनी पडदा पाहून "काळजीचे नाही" म्हटले असेल, तर मोबाइलवरच्या एकट्या आकड्यापेक्षा त्यांचे म्हणणे अधिक मोलाचे. त्यांनी आकडा नव्हे, डोळा पाहिलेला असतो.

संध्याकाळी आम्ही कड्यावरच्या गणपतीला गेलो. वरून समुद्र आणि सुवर्णदुर्ग दिसतो. दादा म्हणाले, "मला सगळे धुक्यातले दिसते. पण हे धुके मोतीबिंदूचे आहे, नाही का?" मी म्हटले, "हो. आणि ते काढता येते." खाली उतरल्यावर त्यांनी स्वतः फोन करून नवी तारीख घेतली. मुलालाही फोन लावला आणि त्याला वजाबाकी करायला लावली.

तारीख दिवाळीच्या आतली मिळाली आहे. तेव्हा हा अंक ओटीवर पोहोचेल तेव्हा दादांच्या डोळ्यावर औषधाचे थेंब चालू असतील, आणि वाचनाचे काम वहिनींकडे असेल. वहिनी, घावनाची उपमा तुमच्या नावावर छापली आहे. तो परिच्छेद जरा मोठ्याने वाचा.