तीन गुणांची मुलगी

देशाची अब्रू पोरीच्या पदरात बांधायची आणि पदर फाटला की पोरीलाच बोल लावायचा, हा खेळ फक्त आपल्याकडेच चालतो असं वाटत असेल, तर बायांनो, तुर्कस्तानातली ही गोष्ट ऐका.

युरोव्हिजन नावाची गाण्याची एक स्पर्धा १९५६ पासून चालू आहे. प्रत्येक देशानं एक गाणं पाठवायचं, ते टीव्हीवरून देशोदेशी दिसणार, आणि मग देशांनी एकमेकांना गुण द्यायचे. तुर्कस्तान त्यात पहिल्यांदा उतरला १९७५ साली, स्वीडनमधल्या स्टॉकहोमला. तिथल्या टीव्हीला तेव्हा जेमतेम सात वर्षं झालेली. पाठवलं कोणाला? सेमिहा यांकी नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीला. गाणं तुर्की भाषेतलं, संथ चालीचं. नावाचा अर्थ 'तुझ्यासोबत एक मिनिट'. एकोणीस देशांत नंबर आला शेवटचा. गुण तीन, तेही एकट्या मोनाकोनं दिलेले. पुढची दोन वर्षं तुर्कस्ताननं गाणंच पाठवलं नाही.

आजही त्या निकालाचं बोलणं निघालं की नाव पुढे येतं ते सेमिहाचं. शेवटची आली ती. आणि बाकीचे? चाल केमाल एब्जिओलूंची, शब्द हिकमेत मुनीर एब्जिओलूंचे, वाद्यवृंदासमोर उभे तिमुर सेल्चुक. तिघेही पुरुष, तिघेही तिच्याहून मोठे. शिवाय गाणं निवडून पाठवणारे वेगळेच. स्वयंपाक चौघांनी करायचा आणि आमटी खारट झाली की वाढणारीवर ओरडायचं, त्यातलाच हा प्रकार!

कोणी म्हणेल, गाणारी तीच ना, मग नाव तिचंच येणार. बरं. मग गुण कसे देतात तेही बघू या, कारण तिथेच खरी गंमत आहे. त्या वर्षी गुणांची नवी पद्धत आली. प्रत्येक देशानं आपल्या आवडीची दहा गाणी निवडायची आणि त्यांना एकपासून आठपर्यंत, मग दहा आणि बारा असे गुण द्यायचे. स्वतःचं सोडून गाणी अठरा. म्हणजे प्रत्येक देशाकडून आठ गाण्यांना शून्य मिळणारच. अकराव्या आवडीचं गाणं आणि अठराव्या आवडीचं गाणं, दोघांच्या पानात सारखंच शून्य. सतरा देशांनी शून्य दिलं म्हणजे सतरा देशांना ते वाईट वाटलं, असं कुठं होतं? पण एवढं गणित कोण मांडत बसतो. शेवटची म्हटलं की झालं.

आणि भाषा? त्या काळात हव्या त्या भाषेत गायची मुभा होती. पहिल्या आलेल्या हॉलंडच्या मंडळींनी इंग्रजीत गायलं. ही पोर आपल्या भाषेत गायली. त्यात भर म्हणजे आदल्याच वर्षी जुलैमध्ये तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरलेलं. ग्रीस त्या वर्षी स्पर्धेला आलाच नाही. त्यामुळे तिचे गुण कापले असं मी म्हणत नाही. पण असल्या दिवसांत देशाचं नाव गळ्यात अडकवून सतरा वर्षांच्या मुलीला मंचावर उभं करणाऱ्यांना कोणी जाब विचारायचा की नाही?

मग २००३ साली सेर्तब एरेनर जिंकली, इंग्रजी गाणं म्हणून. १६७ गुण. आनंदच आहे. पण 'जुना डाग धुऊन निघाला' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. डाग होता कुठं? बेल्जियमला त्या रात्री १६५ मिळाले होते. दोन गुणांचा फरक! ते दोन गुण इकडचे तिकडे झाले असते तर सेर्तबच्या गळ्यातला हार कोणी काढून घेतला असता का? घेतलाही असता, सांगता येत नाही.

आपल्या मंडळाच्या गाण्याच्या स्पर्धेला पोरगी निघाली की दारातच तिला सांगतो ना आपण, "समाजाचं नाव राख हं." मुलगा क्रिकेटला निघाला की म्हणतो, "पाण्याची बाटली घेतलीस का?" पुढच्या खेपेला पोरीलाही बाटलीचंच विचारा.